भरती आहे

इंझोरी, ता. मानोरा
३ मार्च २०२५

बेटा वैभवी,

तुझ्या पाकिटाला तिकिटं किती लागली ते तुला ठाऊक. इकडं ते हातात पडायला काय लागलं ते सांगतो. पोस्टमननं पहिल्यांदा ते घरी आणलं तेव्हा आमच्या लिलाबाईनं पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव वाचलं आणि 'हे आमचं नाही' म्हणून परत लावलं. मग मी पोस्टात जाऊन बसलो. त्या मास्तरला त्याच्या विहिरीवरची जळकी मोटार फुकट बांधून देण्याचं कबूल केलं. भाऊसिंगची खोललेली मोटार टेबलावर तशीच पडली आणि त्याच्या उन्हाळी भुईमुगाचं एक पाणी चुकलं. पाकीट घेऊन घरी आलो तर हिनं माझ्याशी बोलणं बंद केलं. चहा देते, ताट वाढते, काही आपटत नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तर तुझं पाकीट मला एक गिऱ्हाईक, एक पाणी आणि एक बायको एवढ्याला पडलं. महाग म्हणत नाही.

कागदावर लिहितो, त्याचं नवल वाटेल. तुझा नंबर माझ्याकडं आहे. पण फोनवर आपलं दोघांचं एकदा काय झालं ते मला माहीत आहे, तुला माहीत नाही. कागदावरचा शब्द मागं जाऊन पुन्हा वाचता येतो.

पाकिटातल्या कच्च्या छपाईत पुस्तकाचं पहिलं पान पाहिलं. 'कोरड्या गावांसाठी समुद्र'. नाव आमच्या पोरीनं दिलेलंच आहे, मला आधीपासून आवडायचं. खाली छापलं आहे, 'कै. डॉ. पौर्णिमा पडघान'. प्रकाशकाचा राग नाही, त्यांना माहीत नसेल. आमच्यात कै. लावत नाहीत. कैलास आमचा नाही. आम्ही कालकथित लिहितो.

पण तेही लिहा असं आज सांगता येत नाही. जानेवारीत तुमच्या समुद्राच्या खडकावर तुझ्यासोबत काम करताना पौर्णिमा पाण्यात गेली ती सापडली नाही, हे तू डोळ्यांनी पाहिलंस, पोलिसांनी लिहून घेतलं, सगळ्या इंझोरीला माहीत आहे. लिलाबाईला नाही. कोणी विचारलं तर ती म्हणते, 'भरती आहे.' इकडं भरती म्हणजे दवाखान्यात दाखल. आमची गोमतीबाई, शाळेत खिचडी शिजवते ती, रोज कुंपणावरून विचारते, 'कशी आहे वं पौर्णिमा?' आणि ही सांगते, 'आज बरी आहे म्हणे.' हे तिनं कुठून घेतलं ते पुढं कधीतरी लिहीन.

तिच्या समोर त्या नावाआधी काही छापून आलं तर काय होईल, मला सांगता येत नाही. म्हणून ते पान थांबव.

माझ्या कानांची ख्याती पौर्णिमानं तुला सांगितली असेलच. सातवीनंतर कारंज्यात उस्तादाच्या हाताखाली जळक्या मोटारीतली तार ओढत होतो. तिथून स्वतःचं दुकान झालं ते या दोन कानांवर. भाऊसिंग तांड्यावरून फोन मोटारीजवळ धरतो आणि मी इथं बसून सांगतो, बेअरिंग गेलं का वाइंडिंग. घरातही तसंच. दारात कोण आलं, कोणाच्या पोटात काय आहे, पहिलं माझ्या कानावर येतं. बाकीच्यांच्या मागून. त्यामुळं हिला वळवायचं ते मी वळवतो. तू फक्त छपाई थांबव.

ग्यानबा पडघान

२२ मार्च २०२५

बेटा वैभवी,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंस ते चांगलं केलंस.

संपादकबाई विचारतात, पुस्तकात सहा ठिकाणी 'पाणी चढतं' असं आहे, तिथं 'भरती' करायचं का, शास्त्राच्या पुस्तकात खरा शब्द असावा. बरोबर आहे त्यांचं. पण तो शब्द पौर्णिमाला येत नव्हता असं त्यांना वाटू नये. तो तिनं लिहिला होता. मी काढायला लावला.

ते पुस्तक आमच्या दुकानात लिहिलं गेलं असं म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी मी हत्यारं पुसत असताना तिचा फोन यायचा. 'बाबा, वाचू का?' दिवसभर ती तुमच्या खडकावर गुडघे टेकून असायची. वीतभराची चौकट दगडावर ठेवायची आणि तिच्यात कोण कोण राहतं ते टिपायचं, पाणी येईपर्यंत. संध्याकाळी त्याचा धडा करायची आणि मला वाचून दाखवायची. मी अडवलं की तो शब्द गेला. कारण मी अडलो तर मानोऱ्याचं पोरगं अडणारच. होडीचा मी डोंगा केला. लाटेवर मात्र भांडली. 'बाबा, लाट नाई काढत मी. लाट काढली तं मंग समुद्रात राह्यलं काय?' ती राहू दिली.

एकदा तिनं वाचलं की पाणी उतरलं म्हणजे ती छोटी गोगलगाय दगडाला चिकटते, झाकण लावून घेते आणि चूळभर समुद्र आत ठेवून वाट पाहते. मी म्हटलं हे ठेव, उन्हाळ्यात आमीही तेच करतो. एकदा पाण्यात माइक सोडून तिथला आवाज ऐकवला. म्हटलं, कोणी तीळ भाजून राह्यलं का तिकडं? ती किती वेळ हसत होती. बोटाएवढा झिंगा चिमटा वाजवतो म्हणे, आणि हजारोंनी वाजवले की तसं तडतडतं. पाचव्या धड्यात तिनं ते तसंच टाकलं आहे, 'माझे बाबा म्हणतात' असं. ते कोणाला काढू देऊ नको.

आता भरतीचं. दोन वर्षांमागं ती रजेवर आली तेव्हा शाळेत पहिला धडा वाचून दाखवला. 'समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते.' मागून एक पोट्टा म्हणाला, 'पोलिसाची का मिल्ट्रीची, म्याडम?' सगळी शाळा हसली. तिकडून खिचडीवरची गोमतीबाई उठून आली. 'अवं, समुद्राले का झालं वं, भरती कराले?' घरी येताना मी पौर्णिमाला म्हटलं, तो शब्द काढ. इथं भरती एक पोलिसाची, नाहीतर दवाखान्यातली. तिसरी या जिल्ह्यात नाही. तिनं तोंड वाकडं केलं, पण काढला.

आणि मग जानेवारीत तुझा फोन आला. तू जे बोललीस ते अक्षर न अक्षर लिहितो, चुकत असेल तर सांग. 'काका, पौर्णिमा... भरती आहे काका. पाच-सहा तास आत कोणाला सोडत नाहीत. भरती उतरली की बघू देतील.'

चुकत नाही ना? कानानं बरोबर ऐकलं. भरती आहे म्हणजे दाखल केली. आत कोणाला सोडत नाहीत म्हणजे आयसीयू असेल. उतरली की बघू देतील, तर सूज असेल. मी विचारलं, 'शुद्धीवर आहे का?' तू रडायला लागलीस आणि फोन गेला. मग तो लागलाच नाही. मी दुकानातून घरी गेलो आणि हिला सांगितलं, 'पौर्णिमा भरती आहे. जीव आहे, घाबरू नको.'

तुझ्या पाण्याची भरती होती, हे मला सुचलंच नाही. तो अर्थ मी स्वतः पुस्तकातून काढून टाकला होता.

हिनं गाऊन घेतला, दोन टॉवेल, थर्मास, मुगाची डाळ आणि तांदूळ, कारण दवाखान्यातलं पौर्णिमाला जात नाही. कारंज्याहून पुण्याची गाडी, पुण्याहून तुमच्याकडची. रस्ताभर ही मला सांगत होती की पोरीला आता वर्षभर पाण्यात जाऊ द्यायचं नाही, तुम्ही लाडावलं आहे, या वेळी मी बोलणार. उतरल्यावर रिक्षावाल्याला मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात घे. ही थर्मास मांडीवर घेऊन बाकावर बसली. मी खिडकीवर विचारलं, पौर्णिमा ग्यानबा पडघान, कोणता वार्ड? त्यानं रजिस्टर पाहिलं. मी म्हटलं नीट पाहा. त्यानं पुन्हा पाहिलं. मग पोलीस शिपाई आला, मग तू आलीस. पुढचं तुला माहीत आहे.

शब्द काढला नसता तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. तू फोन केलास तेव्हा ती गेलेलीच होती. पण पुण्यापर्यंत आणि पुढं घाटभर हिच्या मनात पोरगी खाटेवर होती. ते चांगलं झालं का वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

आता ती त्या खाटेवरून पोरीला उठू देत नाही. मी समजवायला गेलो तर म्हणते, 'तुमीच सांगतलं भरती आहे म्हणून. तुमचे कान चुकत नाईत. अन् सरकार बी बेपत्ताच म्हणते, मेली म्हणत नाई.' म्हणून तुला विचारतो. तू एकदा येऊन तिला सांगशील का, की त्या दिवशी तू पाण्याबद्दल बोलत होतीस? माझ्या तोंडून आलेलं माझ्याच तोंडानं पुसलं जात नाही.

संपादकबाईंना म्हणावं, थोडं थांबा.

ग्यानबा पडघान

९ एप्रिल २०२५

बेटा वैभवी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलं आहेस, 'काका, मला त्याला दुसरा शब्दच माहीत नाही, आम्ही जन्मापासून तेच म्हणतो.' बेटा, मी तुझ्याकडं शब्द मागितला नव्हता. तू तुझ्या भाषेत खरं बोललीस, मी माझ्या भाषेत खरं ऐकलं. त्यात तुझं काही नाही.

येणार नाहीस हे समजलं. किनाऱ्यावर ही तुला काय म्हणाली ते मी जवळून ऐकलं आहे. 'दोघी गेल्या होत्या. तू काहून परत आली?' तिच्या वतीनं मी माफी मागत नाही. मागितली तर तिला न विचारता मागितल्यासारखं होईल. पण तू पोलिसांना सांगत होतीस तेव्हा मी तिथंच बसलो होतो. पौर्णिमानंच तुला नमुन्यांच्या बाटल्या घेऊन पुढं पाठवलं. 'तू हो पुढं, ही एक चौकट राहिली.' मग ती मोठी लाट आली. पौर्णिमा लहानपणापासून अशीच. अडाण नदीच्या काठावर शिंपले वेचायची, सगळी पोरं घरी, आणि तिचं एक राहिलेलं असायचं. तू थांबली असतीस तर आज दोन घरी हेच चाललं असतं.

इकडची हकीकत सांगतो. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं करायचा, कार्यक्रम अजून झाला नाही म्हणून नातेवाईक बोलायला लागले. सगळे मिळून आले. हिनं चहा केला, सगळ्यांच्या तब्येती विचारल्या आणि म्हणाली, 'पौर्णिमा भरती आहे. एवढ्यात कोणाले भेटू देत नाईत. सुट्टी झाली का कळवतो.' सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी कपाकडं पाहत होतो. जाताना माझी बहीण कानात सांगून गेली, दादा, वहिनीला अकोल्याला डोक्याच्या डॉक्टरकडं ने. मी नंबर लावून ठेवला आहे. हिला सांगितलेलं नाही.

बाकी ती एकदम ठीक आहे. भाजीवाल्याशी घासाघीस करते, माझी बीपीची गोळी विसरत नाही. फक्त दर चार-आठ दिवसांनी तो गाऊन धुते, वाळवते, घडी करून पिशवीत ठेवते. गोमतीबाई कुंपणावर येते, विचारते, ऐकते आणि जाते. ती बाई एवढी भोळी नाही. तिला सगळं माहीत आहे. तरी रोज येते.

तू लिहिलंस, नावाआधी काहीच नको लावूया, नुसतं पौर्णिमा पडघान छापूया, कोणाला दुखणार नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. नाही पटत. काही न लावणं म्हणजे मीही भरती आहे म्हणण्यासारखं. एका घरात एकानं म्हटलेलं पुरे. आणि ती पोरांसाठी खरं लिहायची. गोगलगाय कशी जगते तेवढंच नाही, ऊन लागलं तर कशी मरते तेही तिनं लिहिलं आहे, तिसऱ्या धड्यात. तिच्याच पुस्तकावर आपण खोटं छापायचं?

पुढच्या महिन्यात बुद्ध पौर्णिमा आहे. त्याच दिवशी ती जन्मली, म्हणून ते नाव. तोपर्यंत मी हिला वळवतो. मोटारवाल्याची अर्धी कमाई तोंडावर असते. धनजच्या एका माणसाला तीनदा जळलेली मोटार टाकून नवी घ्यायला लावली आहे मी, तो अजून दुवा देतो. ही तर माझीच बायको आहे.

ग्यानबा पडघान

१४ मे २०२५

बेटा वैभवी,

प्रकाशकांना कळवून टाक. 'कालकथित डॉ. पौर्णिमा पडघान'. मुखपृष्ठावर नको, आतल्या पानावर. बाहेर नुसतं नाव. आणि सहाही ठिकाणी 'भरती' करा. हे मी ठरवलेलं नाही.

परवा सकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटली. तिथं सगळ्यांच्या देखत गोमतीबाईनं नेहमीचं विचारलं आणि हिनं नेहमीचं सांगितलं, 'पहिल्यापरीस बरी आहे.' माझ्या बाजूला बसलेल्या बाईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता पुरे.

घरी आल्यावर ही तांदूळ निवडायला बसली. मी समोर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. शाळेतला पोट्टा, तो शब्द, तुझा फोन, तू पाण्याबद्दल बोलत होतीस आणि मी दवाखाना समजलो. म्हटलं, लिलाबाई, कान नाही, मीच चुकलो. मी सांगितलं ते खरं नव्हतं. तिचा हात ताटात चालूच होता.

'मले माईत आहे,' ती म्हणाली.

मी म्हटलं, काय माहीत आहे?

'पोरगी गेली ते.'

मी विचारलं, मग भरती भरती काहून म्हणत होती? लोक तुला येडी समजून राह्यले, मी अकोल्याचा नंबर लावला. त्यावर ती जे बोलली ते लिहितो, आणि या वेळी एकही शब्द बदलत नाही.

'मेली म्हटलं का लोकं येतात, रडतात अन् चालले जातात. मंग कोणी तिचं नाव काढत नाई, मले वाईट वाटन म्हणून. भरती म्हटलं का रोज विचारतात, कशी आहे. मले तेवढंच पायजे होतं. कोणीतरी विचारलं पायजे, कशी आहे.'

मग तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, या रविवारी कार्यक्रम करू. पुस्तकाचं तिला सगळं माहीत होतं. ते पाकीट मी पुढं दुकानात लपवलं, पण त्यातला एक धडा मी गोमतीबाईला शाळेसाठी वाचून दाखवला होता, तिथून कळलं. 'लावा कालकथित,' म्हणाली. 'अन् तो शब्द पोरीचा होता. लावा वापस. पोट्टे हसतीन तं हसू द्या.'

तुझ्याबद्दल ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र घरचा लिहिला आहे. उत्तर आलं तर काय करते ते पाहू.

अकोल्याचा नंबर काढून टाकला. काल संध्याकाळी ही स्वतः कुंपणाजवळ गेली आणि गोमतीबाईला सांगितलं, रविवारी ये, पौर्णिमाचं पुण्यानुमोदन आहे. गोमतीबाई उभी राहिली, मान हलवली. आज ती कुंपणाशी आली नाही. ही दोनदा बाहेर जाऊन पाहून आली.

रविवारी तू यावं असा आग्रह नाही. फक्त छापील पुस्तक आधी शाळेत पाठव, मग आमच्याकडं.

ग्यानबा पडघान

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी हिला एक विचारून घेतलं, तुला हे कधीपासून माहीत होतं. वाटलं होतं, तू आम्हाला किनाऱ्यावर नेलंस तेव्हापासून म्हणेल. ती म्हणाली, दवाखान्यातून. मी खिडकीवर त्या बाबूला नीट पाहा, नीट पाहा म्हणत होतो तेव्हा मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या, काल खडकावरून गेलेली ती विदर्भातली मॅडम अजून सापडली नाही म्हणून. हिनं ऐकलं आणि थर्मास धरून बसून राहिली. मीही तिथंच उभा होतो. मला ऐकू आलं नाही.